चाकाखालचं लिंबू

काळुराम : …‘वाऱ्याच्या बाजूला चूल पेटवू नको रं काळू, मीठ काळं पडंल.’ बा मिठागरावरनं अशी हाळी द्यायचा. पन्नास वर्षं झाली गो, आज सकाळपासनं तोच आवाज कानात.

कमळाबाई : सासऱ्यांना मधी आणू नका. मी लिंबाचं विचारतेय.

काळुराम : कुठलं लिंबू?

कमळाबाई : अवसेला गाडीच्या चाकाखाली ठेवलेलं. आज आठवा दिवस. तुमी रोज चावी खुळखुळवत गाडीनं कल्याणच्या बाजारात जाता, आन लिंबू तसंच. वाळलं, पण फुटलं नाय.

काळुराम : मी गाडी मागं घेऊन काढतो.

कमळाबाई : मागच्या चाकाखाली पण ठेवलेलं.

(काळुराम टोपी काढून डोकं खाजवतो.)

कमळाबाई : शेजारची केशरबाई बोलली, तुमचे हे बसमधी खिडकीशी बसून एकटेच हसत होते. मी भांडले तिच्याशी. आमच्यात बसनं कोण जात नाय, बोलले. आता सांगा, शेजारी कोण असते?

काळुराम : येईल ती. परवा दिवा गावची एक आजी होती, पाण्याचा टँकर कसा आला नाय ते कल्याणपर्यंत सांगितलं. काल कोथिंबिरीचं गाठोडं होतं.

कमळाबाई : शेत विकून गाडी घेतली, गावभर पेढे वाटले. लोक काय बोलतील?

काळुराम : म्हणून तर चावी खुळखुळवत जातो.

कमळाबाई : आन गाडी काय झालर लावून पुजायला?

काळुराम : अगं, सात शिटा आन मी एकटा. सुरू केली की तुझ्या दोरीवरच्या बोंबलांना धूर लागतो, तूच वरडतेस. ती बस विजेवरची. पन्नास माणसं बसतात, पण धुराची रेघ नाय. बाला पटली असती.

कमळाबाई : हे दिपेशचं पाठ केलेलं. पोरगा वर्षभर हेच सांगतोय, तवा त्याला येडा बोललात. खरं काय ते बोला.

काळुराम : गाडीतनं पुलावर नुसता कठडा दिसतो. बस उंच. खिडकीतनं खाडी दिसते, बाचं मिठागर, आन त्याला लागून आपलं शेत. अजून कुणी बांधलं नाय तिथं. तिवराची झाडं उगवलीत, बगळे बसतात.

कमळाबाई : मंग मला एक दिवस नाय न्यावंसं वाटलं?

काळुराम : तू शेजारी बसलीस तर रडू फुटंल. शेत विकलं त्या दिवशीच येत होतं. पेढे वाटत होतो ना, म्हणून राहून गेलं.