दात आवळलेला चढाईपटू

महिपत : तोंड उघड त्याचा, कल्पिता. एवढाच काम हाय. त्यासाठी ठाण्याहून ट्रॅफिकमध्ये डोंबिवलीपर्यंत आलोय मी. टेंभी नाक्यापासून घोडबंदर रोडपर्यंत बॅनर लागलेत, आणि जुने खेळाडू मना फोन करून करून हसतात.

कल्पिता : का हसतात?

महिपत : जसा काय तुला माहीतच नाय! राष्ट्रीय कबड्डी स्पर्धेचा लोगो, आणि त्यावरचा चढाईवाला दात आवळून उभा! तोंड बंद म्हणजे 'कबड्डी कबड्डी' बंद. दम तुटला, गडी बाद! आमचा लोगोच आऊट! पोरांनी मोबाईलवर नुसता धुमाकूळ घातलाय.

कल्पिता : पण काका, संघटनेचे सेक्रेटरी तुम्ही. एके काळी स्वतः चढाईला जायचात, जिल्ह्यात नाव होतं तुमचं. मंजूर करताना दिसलं नाही?

महिपत : तेव्हा मी फक्त तो राग बघितला गं. भारी वाटला.

कल्पिता : मागितलाही तुम्हीच होता. याच खुर्चीत बसून म्हणालात, हातबित नको, साखळी नको, चिडलेला माणूस पाहिजे, दातओठ खाणारा.

महिपत : मग, काय खोटा बोललो? टीव्ही लाव, मोबाईल बघ, सगळे चिडलेलेच. तुझ्या बापाने, आनंदने, पहिल्या स्पर्धेला काढले होते तसे हात धरून उभे राहिलेले सात जण आता कोण बघतो? तो जमाना गेला.

कल्पिता : गेलाच. तेव्हा सगळ्यांना एकत्र उभं राहायचं होतं. मग घरोघरी कॉम्प्युटर आले, तर तुम्हाला पृथ्वीचा गोळा हवा झाला, भोवती चकचकीत कडं. बाबांनी तोही काढून दिला. आपला कबड्डीवाला अमेरिकेत नोकरीला निघाल्यासारखा दिसत होता! आता दात. देशाचं डोकं जसं फिरेल तसा लोगो. पण काढणारा आमच्या घरातला आणि नाव तुमच्या घरातलं, हे काही बदललं नाही.

महिपत : झाला सुरू!

कल्पिता : होणारच. पहिल्या स्पर्धेत चित्रकाराचा सत्कार म्हणून स्टेजवर कोणाला बोलावलंत? तुमच्या भावाला, तानाजीकाकांना! ज्यांना सरळ रेघ मारता येत नव्हती. बाबा खाली बसून राहिले, नवा शर्ट घालून. आणि परवा पत्रकारांसमोर काय म्हणालात? 'लोगो माझ्या मुलाने, मितेशने केलाय.' मला शब्द दिला होतात काका. नाव तुझंच येईल म्हणून.

महिपत : मितेशचा कुठेच काय जमत नाय गं. म्हटला, पोराचा जरा नाव होईल.

कल्पिता : झालं की नाव! मग तोंड पण त्यालाच उघडायला सांगा.

महिपत : त्याला माऊस धरता येत नाय! उद्या उद्घाटन हाय, दिल्लीचे पाहुणे येतायत. त्याला स्टेजवर उभा करून लोगोवर बोलायला लावणार हायेत... बरा, ऐक. उद्या मीच माईकवर सांगतो, लोगो कल्पिताचा. आता तर खूश?

कल्पिता : वा! हारतुरे होते तेव्हा मितेशचा, आणि सगळे हसायला लागल्यावर कल्पिताचा?

महिपत : अगं मग तुला पाहिजे तरी काय?

कल्पिता : काही नाही. मितेश त्या स्टेजवर काय बोलतो ते ऐकायचंय. पहिल्या रांगेत बसणार आहे मी.

महिपत : पोराचा काय दोष त्यात?

कल्पिता : माझ्या बाबांचा काय होता?

(कल्पिताची आई, कलावती, चहा घेऊन येते.)

महिपत : वहिनी, बरा झाला आलात. तुम्ही समजवा हिला. आज आनंद असता तर जेवणावरून उठून दुरुस्त करून दिला असता.

कलावती : दिलंच असतं. त्या सत्काराच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या मंडळाचा बोर्ड रंगवायला गेले होते. मी डबासुद्धा दिला नाही त्या दिवशी, इतकी चिडले होते.

महिपत : बघ कल्पिता, असा असतो मोठा माणूस! वहिनी, तुम्ही पण मोठ्या मनाच्या. हिचा राग तेवढा घालवा.

कलावती : हिचा राग परवाचा आहे, भाऊजी. उतरेल. बापावर गेली आहे अगदी. चित्र पूर्ण झालं त्याच दिवशी हिच्या लक्षात आलं होतं, तोंड मिटलंय म्हणून. तुम्हाला फोन लावत होती.

महिपत : मग? मना तर काय फोन आला नाय.

कलावती : मी हातातून काढून घेतला. चहा घ्या, निवतोय.