पेटीला फेटा

बुद्धिबळाच्या स्पर्धेत मशीनला घेऊ नये, असं तुम्ही म्हणता. मी घेऊ दिलं होतं.

सेलूच्या गणपतीत दरवर्षी मीच जिंकायचो. त्या वर्षी माझे जावई नागपूरहून बुद्धिबळ खेळणारी पेटी घेऊन आले.

“मामाजी, हिचंही नाव घ्या न.”

पंच माझ्याकडे पाहू लागले. गावच्या जावयाला नाही कोण म्हणणार? मी म्हटलं, “घ्या.”

पेटीवर चालीच्या घरात दिवा लागायचा, त्याप्रमाणे जावई मोहरा हलवायचे. शेवटचा डाव माझा आणि पेटीचा झाला. भर मंडपात मी हरलो.

सरपंच फेटा घेऊन उठले. जावयांनी डोकं पुढे केलं.

“थांबा जावईबापू,” मी म्हणालो. “एक तरी चाल तुमच्या मनानं केली का?”

“नाई मामाजी. साऱ्या हिच्याच.”

“मंग हिलेच बांधा.”

सरपंचांनी खरंच पेटीला फेटा बांधला. मंडप हसला, जावईही हसले. रिवाजाप्रमाणे जिंकणाऱ्याचा मलईचा चहाही पेटीपुढेच ठेवला.

“थंडा होऊन राह्यला न, बाप्पा,” सरपंच म्हणाले.

“तिले पाह्यजे असता तं मांगितला असता,” मी म्हटलं आणि कप उचलला.