भिक्षुकाची पोनी

हसा लेको! परवापर्यंत बाबाही रोज ओरडायचे, "भिक्षुकी करतोस, ही पोनी शोभते का?"

परवा हरिहरेश्वरला मुंबईचे एक यजमान वडिलांच्या दहाव्याला आले. मी म्हटलं, "आधी मुंडण करून घ्या." ते भडकलेच.

"सोमवारी मीटिंग आहे माझी! आणि तुम्ही गुरुजी असून खांद्यापर्यंत केस वाढवलेत, ते चालतात?"

मी म्हटलं, "केस वडील गेल्यावर काढतात. माझे वडील ते काय, तिथे दर्भ निवडत बसलेत."

यजमान बाबांकडे बघत राहिले, मग न्हाव्यापुढे जाऊन बसले.

घरी येताना गाडीवर मागे बसलेले बाबा म्हणाले, "असू देत तुझे केस. मी आहे तोवर."