एका जातीचं एकच झाड

मालनबाई : आन् म्हनं सोनं! कसलं आलंय सोनं? ही कळी बगा. शुभांगीच्या आपट्याची हाय.

भीमराज : ऐन दसऱ्याला शेजारणीच्या झाडाची कळी तोडलीस? पोरगी लेकरागत जपते त्याला.

मालनबाई : जपती न् मानबी घेती! दर दसऱ्याला समदी कॉलनी तिच्या झाडापाशी. वैनी, सोनं द्या. वैनी, फोटू काढू. आन् आपला कांचन फुलांनी लगडलाय, त्याच्याकडं कुनी ढुंकून बगत न्हाई.

भीमराज : असं कसं? कुत्रं रोज नेमानं येतं की.

मालनबाई : हसा! रंग बगा कळीचा.

भीमराज : जांभळा.

मालनबाई : आपट्याचं फूल बारकं, पांढरट आसतं, तेबी उन्हाळ्यात. ही कांचनाची कळी! नर्सरीवाल्यानं तिच्या गळ्यात कांचन मारला आपटा म्हनून. औंदा पैल्यांदा कळी धरली, तवा उघडं पडलं.

भीमराज : आणखी कुणी बघितली?

मालनबाई : न्हाई. पानाआड एकच हुती. आता सोनं लुटाया समदी जमली, की समद्यांच्या देखत दावते. मग बगू बाईचा तोरा.

भीमराज : दाव. म्हणजे आपल्या भिंगारच्या कॉलनीच्या बागेत कांचन झाले दोन.

मालनबाई : हुंद्यात की.

भीमराज : आणि नियम? घरटी एक झाड, एका जातीचं एकच. दुसरं निघालं तर मागून लावणाऱ्यानं काढायचं. कडूबाईंची बकुळ कुणी काढायला लावली?

मालनबाई : मीच. नियम म्हंजी नियम.

भीमराज : शुभांगीनं झाड लावलं वटपौर्णिमेला. आपण?

मालनबाई : त्याच साली, नागपंचमीला.

भीमराज : हं.

मालनबाई : म्हंजी माजा कांचन?

भीमराज : मुळासकट.

मालनबाई : अवं, नळाला पानी नव्हतं तवा भांडी धुतल्यालं पानी घालून जगिवलाय मी त्याला! ऱ्हाऊ द्या. न्हाई दावत. कळी तर माज्याच मुठीत हाय.

भीमराज : आजची. उद्या नवी येईल, तिचं काय?

(दार वाजतं.)

शुभांगी : काकू, पूजा झाली. तुम्ही वडीलधाऱ्या, म्हणून पहिलं सोनं तुम्हाला. सोनं घ्या, सोन्यासारख्या राहा. अय्या, मुठीत काय?

मालनबाई : कापूर हाय, बाई. दे सोनं.

शुभांगी : यंदा पानं जरा मोठीच वाटतात, नाही का हो काका?

भीमराज : मला काय कळतं? झाडांतलं सगळं तुझ्या काकूंना विचार.

मालनबाई : जातिवंत आपटा हाय! निगा ऱ्हायली की पान मोठं हुतंच.

शुभांगी : तुम्ही म्हणालात, जिवात जीव आला.

मालनबाई : आन् शुभांगी, उद्यापासनं तुज्या झाडाला पानी मी घालीन. कुनी उठायच्या आत. तू झोप निवांत.