पहिल्या खुर्चीवर कोण बसणार?

मी, सौ. विशाखा अतुल दाभाडे, वय ४४ वर्षे, धंदा फर्निचर तयार करणे, रा. पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर, आज पोलीस ठाण्यात समक्ष येऊन सांगते की,

वरील पत्त्यावर मी पती व सासरे सांडू कचरू दाभाडे, वय ८१, यांच्यासह राहते. सासरे बेपत्ता असल्याची खबर मी काल इथे दिली होती. ते सुखरूप सापडले आहेत.

आमचा खुर्च्यांचा कारखाना सासऱ्यांनी काढला. साठच्या दशकात एका आर्किटेक्टने सरकारी विश्रामगृहासाठी सागवान आणि वेताची, हात टेकायला दांडे असलेली खुर्ची आखली होती. ती पहिल्यांदा सासऱ्यांनी घडवली. आता तिला पुन्हा मागणी आहे. कारखान्याची रीत अशी की, प्रत्येक मालातल्या पहिल्या खुर्चीवर घरातली थोरली बाई बसल्याशिवाय माल गाडीत चढत नाही. सासऱ्यांच्या आईला गावात कोणी कधी खुर्ची दिली नव्हती, म्हणून त्यांनी ही रीत घातली. पुढे माझ्या सासूबाई मालनबाई बसत. त्या गेल्या वर्षी वारल्या. तेव्हापासून सासऱ्यांनी हत्याराला हात लावला नव्हता.

परवा पुण्याचा माल तयार झाला, सासूबाई गेल्यानंतरचा पहिलाच. टेम्पो दारात उभा, आणि सासरे म्हणाले, "कुणी बसल्याबिगर माल जायचा नाय." मी वैतागून बोलले, "मामा, आता बसायला राहिलंय कोण?" टेम्पो रिकामा गेला. काल सकाळी सासरे घरात नव्हते, फोन उशाशीच होता. आम्ही क्रांती चौकापर्यंत सगळे पालथे घातले. माझ्याच बोलण्याने ते गेले, असे मला वाटत होते. मालातली एक खुर्ची कमी आहे, हे घाईत कोणी पाहिलेच नाही.

संध्याकाळी शेजारचे मालरिक्षावाले कडुबा यांचा देवगाव रंगारीहून फोन आला. सासऱ्यांनी त्यांच्या रिक्षातून खुर्ची तिथे थोरल्या बहिणीकडे, पारूबाईंकडे नेली होती. आम्ही पोचलो तेव्हा आत्याबाई अंगणात खुर्चीवर ऐसपैस बसल्या होत्या. मी रडले आणि चिडलेही. सासरे म्हणाले, "तूच इचारलंस ना, राहिलंय कोण? ही बघ."

खुर्ची परत मागितली तर आत्याबाई म्हणाल्या, "मी उठायची नाय. लई उशिरा आलीय ही."

खुर्ची तिथेच राहिली. पुण्याच्या मालात एक कमी पडली. आज सकाळी सासऱ्यांनी स्वतः रंधा हातात घेतला. ठाण्यात चला म्हटले तर त्यांनी निरोप दिला, "सायबाला सांग, माणूस सापडला. पण खुर्ची झाल्याबिगर यायचा नाय."

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. जबाब मला वाचून दाखवला, मी सांगितला तसाच आहे. सही करून निघते. सासऱ्यांना खुर्ची विणायला वेत भिजत घातला आहे.