चार विसा पुऱ्या

अजून आठवलं तरी डोकं फिरतं माझं. सत्त्याऐंशी साल असेल, मी अमेरिकेत, कॅरी गावाजवळ, लिंग्विस्टिक्समध्ये पीएचडी करत होते. तिथल्याच ओळखीच्या एका मराठी काकांनी रविवारी जेवायला बोलावलं होतं. "कशावर रिसर्च करतेस?" म्हणाले. मी सांगितलं, जॉर्जियन आणि वेल्श या भाषांवर. एक सोव्हिएत युनियनमधली, दुसरी ब्रिटनमधली. एकमेकींशी काही नातं नाही, पण ऐंशीला दोन्हीकडे 'चार वीस' म्हणतात.

काका खो खो हसले. "म्हणजे विसाच्या पुढे मोजताच येत नाही त्यांना? अडाणी आहेत. त्यापेक्षा कॉम्प्युटर्स कर." दहा पाहुण्यांना बोलावून बोलावून हेच ऐकवलं. मी दातओठ खात ताटं मांडायला लागले.

तेवढ्यात काकांची आई, गावाहून सहा महिने राहायला आलेली, किचनमधून म्हणाली, "चार विसा पुऱ्या झाल्या रे. पुरतील ना?"

मला वाटलं, आता तरी या माणसाला लाज वाटेल. तर तो आईवरच खेकसला, "आई, लोकांसमोर एटी म्हणत जा."

"एटी म्हणजे किती विसा?" आजींनी विचारलं.

"चारच, आजी," मी म्हटलं. "तुमचा लेक विसरलाय."