चुना लावलेले आलू

...आता तुमीच सांगा, वावराले चुना लावनं हा काय गुन्हा हाय? तुमाले सांगतो, आमच्या बोरी अरब गावात आता मले कोनी रामराम घालत नाई, "कोनाले चुना लावला रे बळीराम?" असं इचारते! अन् म्या तं फक्त आलू लावलेते...

झालं काय, कृषी कॉलेजच्या उर्वशी मॅडम वावरात आल्या. माती हातात घेतली अन् म्हणाल्या, "काका, तुमची जमीन आंबट आहे." आता यायनं ते चाखली कवा? मंग म्हने, सुपर फॉस्फेटासंग मातीत जड धातू येते, आलू तो ओढून घेते, आंबट मातीत तं जास्तच ओढते. जड! अन् म्या वीस वर्सं गावभर सांगत हिंडलो का माह्या आलूएवढा वजनदार आलू कुठी नाई... घ्या आता! मॅडमनं दोन वाफे पाडले, एकात खतासंग चुना, एकात नुसतं माह्यावालं नेहमीचं खत. आमची घरवाली मथुराबाई म्हने, कायले दोन वाफे, आलू तं आलूच!

पन गावाचं तोंड कोन धरते? "बळीरामच्या वावराले चुना लावला" हे बोरीहून निंगालं, अन् कळंबले पोचता पोचता "बळीराम चुना लावते" झालं. अन् कळंबले कोन रायते? विठ्ठलराव, आमच्या दीपाचे होनारे सासरे! पोरगी मनातून हो म्हनून बसली, सोयरीक पक्की व्हायची, माहा जीव टांगनीले... अन् हे बुवा गाडीवरून उतरले नाई तं इचारते, "बळीरामजी, आयकलं ते खरं हाय काय?"

म्या सारं सांगतलं, आंबट मातीपासून. तेवढ्यात मॅडमचा फोन, स्पीकरवर! म्हने, तपासाचा निकाल आला, दोन्ही वाफ्यातले आलू खायाले चालते, धातू हद्दीच्या आतच हाय, पन चुन्याच्या आलूत निम्मा. विठ्ठलराव खुश! मानूस शास्त्राचा हाय म्हने, सोयरीक पक्की. माह्या तं डोयात पानीच आलं, खरं सांगतो. मंग बुवा जेवाले बसले, आलू-वांग्याची भाजी, दोन वाट्या हानल्या, तिसरी मागतली अन् म्हने, "हे चुन्याचेच आलू ना?"

म्या मथुराबाईकडे पाह्यलं. तिनं तोंडाले पदर लावला. अहो, चुन्याचे सारे आलू तं मॅडम तपासाले घेऊन गेलत्या...

"चुन्याचेच हो व्याहीबुवा," म्या म्हटलं, "पोटभर घ्या." आलू तं आलूच...

इतके दिवस गाव खोटं बोलत होतं, तुमाले सांगतो. आता नाई.